पिसणी आणि धाकटी गोळी

हरणाऱ्यानं पत्ते पिसायचे आणि वाटायचे, हा मेंढीकोटातला नियम ज्यानं कोणी केला तो मला भेटला तर चांगले चार शब्द सुनावीन. बाकीच्या खेळांत पिसणी गोल फिरते, ज्याची त्याची पाळी येते. मेंढीकोटात मात्र हरलात की पिसा, पुन्हा हरलात की पुन्हा पिसा. या नियमापायी आमच्या घरातल्या एका शहाण्या माणसावर ठाण्याला जायची वेळ आली होती. ठाण्याला म्हणजे कुठं, ते आमच्या कर्जतला कोणाला सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल तर सांगते, वेड्यांच्या इस्पितळात.

हा माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वहिनी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि घरीच असायचे. पुण्याला शिकायला गेले होते, तिथून अर्ध्यातच परत आणावं लागलं. काय झालं होतं ते मला कोणी नीट सांगितलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "त्याचं ते आहे ना, तेच." शेवटी भावजींनी स्वतःच सांगितलं. कर्जत स्टेशनवरच्या भोंग्यातला माणूस त्यांच्याविषयी बोलायचा. घाट चढायचा म्हणून आमच्याकडे गाड्यांना मागून जादा इंजिन लावतात, तोवर गाडी खोळंबते. तेवढ्या वेळात भोंग्याला दुसरं काम नसतं, म्हणून तो माझ्यावर घसरतो, असं भावजींचं म्हणणं. आता आमचं घर स्टेशनपासून वीस मिनिटं लांब. तिथला खरा भोंगासुद्धा आमच्या ओट्यावर ऐकू यायचा नाही.

पनवेलला एक मनाचे डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार मुंबईहून यायचे. त्यांनी या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया असं सांगितलं होतं. आमच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. डॉक्टरांच्या दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. एक मोठी, केशरी. तिनं भोंगा जवळजवळ बंद पडला होता, पण अंग आखडायचं, चेहरा ठोकळ्यासारखा व्हायचा आणि हात थरथरायचे. त्यावर उतारा म्हणून दुसरी, चणाडाळीएवढी, पांढरी. ती अंग मोकळं करायची. सासूबाईंनी त्यांची नावं थोरली आणि धाकटी अशी ठेवली आणि दोघींना हिंगाच्या रिकाम्या डब्यांत ठेवलं. त्यामुळे आमच्या घरातलं वेडावरच्या औषधाला आमटीचा वास यायचा.

थोरली रात्री जेवल्यावर. धाकटी सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि डॉक्टर म्हणाले होते, "फारच कंप सुटला तर मधे एखादी जास्तीची चालेल."

अहो, आमच्या घरात कोणाला 'चालेल' म्हणू नये! पाहुण्याला आणखी एक पुरणपोळी चालेल म्हटलं की तीन वाढतात.

आता भावजींच्या खेळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपारी आमच्या ओट्यावर चटई पडायची. एका बाजूला भावजी आणि मी. दुसऱ्या बाजूला शेजारचे भातगिरणीवाले आणि त्यांचा मेव्हणा. हा मेव्हणा साजगावच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचा आणि दुपारी येऊन खेळात झोपायचा. मेंढीकोटात मेंढी म्हणजे दश्शी. चार दश्श्या, त्या जास्त ज्या जोडीनं मारल्या ती जिंकली. चारही मारल्या तर समोरच्यावर कोट. नशीब थोडं लागतं, पण खरं लागतं ते लक्ष. कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं. भावजींना गेलेलं प्रत्येक पान आठवायचं. आजचंच नव्हे, मागच्या आठवड्यातलंसुद्धा. "गिरणीवाले, मंगळवारी तिसऱ्या डावात तुम्ही किलवरची दश्शी एक्क्याखाली घातलीत, आज परत तेच करताय," असं ते ठोकळ्यासारख्या चेहऱ्यानं सांगायचे आणि गिरणीवाले कपाळावर हात मारून घ्यायचे.

जगात त्या माणसाकडे तेवढं एकच होतं हो. नोकरी नाही, लग्न नाही, रस्त्यानं चालताना लोक बाजूला सरकायचे. पण दुपारी दोन ते चार, ओट्यावर, त्यांच्यासारखा कोणी नव्हता. वाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची आणि कोणी त्यांना वेडा म्हणायचं नाही.

एके दिवशी आम्ही हरलो. क्वचित हरायचो, पण हरलो. पिसणी आमच्यावर. माझ्या मांडीवर सूप, तांदूळ निवडत होते, म्हणून भावजींनी पिसायला घेतले. हात थरथरला आणि अर्धे पत्ते चटईवर उताणे पडले. इस्पिकचा एक्का सगळ्यांना दिसला. झालं! परत वाटायचे की तसेच खेळायचे यावर अर्धा तास भांडण. झोपलेला मेव्हणासुद्धा उठून भांडला.

"वहिनी, हे असं नाय चालायचं," गिरणीवाले म्हणाले. "ती हात सोडवायची गोळी हाय ना तुमच्याकडं? मंग द्या की त्यांला पिसायच्या आदी."

मला पटलं. इथं मी स्वतःची बाजू घेणार नाही, पटलंच. डॉक्टरांनीच 'चालेल' म्हटलं होतं. मी उठले, हिंगाची डबी आणली, एक धाकटी दिली. पाऊण तास चहा झाला, गप्पा झाल्या, हात थांबला आणि भावजींनी झकास पत्ते वाटले. तेव्हापासून आमच्या ओट्यावर रिवाजच पडला. पिसणी भावजींवर आली की आधी गोळी, मग चहा, मग डाव. डबी पानाच्या तबकाशेजारी येऊन बसली. गिरणीवाले स्वतः झाकण उघडून द्यायचे.

पुढे काय झालं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. गोळीनं हात सुटायचा आणि डोकं बांधलं जायचं. डोकं बांधलं की दश्श्या विसरायच्या. दश्श्या विसरल्या की हार. हार झाली की पिसणी. पिसणी आली की गोळी! वाईट दिवस असला तर दुपारभरात चार गोळ्या जायच्या, सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या. बाजारातला औषधवाला जुनी चिठ्ठी बघून हवी तेवढी पाकिटं द्यायचा. आम्ही हरत गेलो, गिरणीवाले फुगत गेले, आणि मी भावजींवर चिडत गेले.

"अहो, दोन दश्श्या बाहेर आहेत! लक्ष कुठाय तुमचं?"

"कुठल्या दोन?" भावजी विचारायचे. तेही खरोखर.

तोंडाला कोरड पडायला लागली. बोलताना जीभ टाळूला चिकटून टकटक वाजायची. शेजारी तांब्या ठेवला होता, तो डावात दोनदा भरायला लागायचा. पेपर हात लांब करून वाचायचे, मग हातही पुरेना, तेव्हा मला लांब उभं करून धरायला लावायचे. सकाळी मोरीपलीकडे जाऊन बसले की घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी खोळंबायच्या आणि सासूबाई बाहेरून एरंडेल पुढं करायच्या. एकदा तर गिरणीवाल्यांनी बदामचा राजा टाकला आणि भावजींनी त्यावर नणंदेचं पोस्टकार्ड टाकलं. आमची नणंद त्यात खुशाल होती. मेव्हण्यानं अर्धवट झोपेत ते उचलून आपल्या हातात लावलं आणि तीन पानं पुढं खेळूनही गेला. त्या दिवशी हसून हसून आमच्या पोटात दुखलं. भावजीही हसले, पण जरा उशिरा, आमच्याकडे बघून.

मग मुंग्या आल्या. भावजी चटईवरून एकेक मुंगी चिमटीत धरून कडेला ठेवायला लागले. सासूबाईंनी लगेच हळद आणून ओट्याभोवती रेघ मारली. मी वाकून बघितलं तर मुंगी नाही. गिरणीवाल्यांनी बघितलं, नाही. सासूबाई म्हणाल्या, "हळदीनं पळाल्या." भावजी म्हणाले, "नाही आई, हळदीवरूनच चालल्यात." सासूबाईंनी आणखी हळद घातली. त्या आठवड्यात आमटीला हळद उरली नाही.

आणि एका सकाळी ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, भोंगा परत सुरू झालाय."

"काय म्हणतो?"

"चौकट उतरा म्हणतो."

"त्याला पत्त्यांतलं काही कळत नाही," मी म्हटलं. हसत म्हटलं, पण रात्री आमच्या ह्यांच्या कानावर घातलं.

आमचे हे शाळेत मास्तर. दुपारी शाळेत, त्यामुळे ओट्यावरच्या गोळ्यांचा यांना पत्ताच नव्हता. हे पनवेलला एकटेच जाऊन सांगून आले की भोंगा परत आलाय. डॉक्टरांनी थोरली वाढवली. थोरली वाढली तसे हात जास्त थरथरायला लागले. हात जास्त थरथरले तशा धाकट्या जास्त. आता सांगा, कोणाला हसायचं!

शेवटी एका संध्याकाळी भावजी आपल्याच घराच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "मास्तरांचं घर हेच का?" हे आतून ऐकत होते. जेवणं झाली. हात धुताना हे म्हणाले, "रजेचा अर्ज देतो. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी त्याला ठाण्याला नेऊ. आपल्या हाताबाहेर गेलं."

सासूबाई रडल्या आणि दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू करायला घेतले, तिथे खायला मिळतं की नाही म्हणून.  भावजींनी आपले तीन सदरे काढले आणि घड्या घालायला बसले. एका सदऱ्याची घडी जमेना, ती पुन्हा पुन्हा मोडून घालत होते. मी ते बघत दारात उभी होते. मला त्यांचा राग आला, यांचा आला, माझाही आला, आणि काय करायचं ते कळेना.

त्याच आठवड्यात गिरणीवाल्यांची चुलती खालापूरला वारली. म्हातारी चांगली नव्वदीची होती, पण सुतक ते सुतक. गिरणीवाल्यांचं म्हणणं, पत्ते खेळले म्हणून चुलती काय रागावणार हाय? पण सासूबाईंपुढे कोणाचं चालतंय! "दहा दिवस आमच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही," त्यांनी कुंपणावरूनच बजावलं. चौथा गडी गेला, खेळ बंद. चटई गुंडाळून कोपऱ्यात गेली. सकाळ-संध्याकाळची धाकटी सासूबाई देत होत्या, पण डबी काही ओट्यावर आली नाही.

पहिले तीन दिवस वाईट गेले. हात इतका हलायचा की चहा बशीत, बशीतून धोतरावर. लाळ गळायची. चिडायचे. मला वाटलं, ठाण्यापर्यंत तरी पोचतात की नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मुंग्या गेल्या." सासूबाईंनी हळदीच्या डब्याला हात जोडले.

सहाव्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. भावजी खांबाला टेकून बसले होते. एकदम म्हणाले, "वहिनी, त्या पोस्टकार्डाच्या डावात बदामची दश्शी मेव्हण्याकडे होती. पोस्टकार्ड लावल्यामुळे त्याच्याकडे एक पान जास्त झालं. तो डाव रद्दच धरायला हवा होता."

माझ्या हातातलं सूप खाली गेलं. तांदूळ सगळीकडे. मी तशीच उठले, पत्ते काढले, एकेक करून पन्नास पत्ते त्यांच्यासमोरून सरकवले आणि विचारलं, "कुठली दोन राहिली?"

"चौकटची सत्ती आणि इस्पिकचा गुलाम. तांदूळ भरा आधी, कोंबडी आली."

तिथं माझी ट्यूब पेटली. सहा दिवस खेळ नाही, पिसणी नाही. पिसणी नाही तर गोळी नाही! मी बोटांवर मोजत बसले, गेल्या महिन्यात किती हरलो, किती पिसलं. बोटं पुरेनात.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे चिडले, पण भलत्याच दिशेला. "म्हणजे पत्त्यांनीच डोकं फिरलं होतं त्याचं! पत्ते जाळून टाक. आणि सोमवारचं ठरलंय ते ठरलंय. चार दिवस बरा दिसतो, मग परत तेच. असं किती वेळा बघितलंय मी."

"मी शनिवारी त्यांना पनवेलला नेते," मी म्हटलं.

"तू? एकटी?"

"एकटी कशी? भावजी आहेत की सोबत."

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं चौकमार्गे निघालो. भावजींनी खिडकी घेतली. हात मांडीखाली दाबून बसले होते, हलताना दिसू नये म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, "पांढरी गोळी रोज किती?"

"दोन," मी म्हटलं. "आणि पिसणीच्या."

"पिसणीच्या म्हणजे?"

आता आली का पंचाईत! डॉक्टर ब्रिज खेळणारे, त्यांना मेंढीकोट माहीत नव्हता. मी त्यांच्याच कागदाच्या पाठीवर चार माणसं काढली, मेव्हण्याला झोपलेलं दाखवलं, हरलं की काय होतं ते बाणांनी दाखवलं. बाण फिरून फिरून परत भावजींपाशी आले तसं डॉक्टरांनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. बाहेरची बाई आत डोकावून गेली. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला असं झाडलं की विचारू नका.

म्हणाले, ही गोळी हातापायांचा ताठा काढते हे खरं, पण मेंदूत लक्षात ठेवायचं काम ज्याच्यावर चालतं त्यावरच ती बोळा फिरवते. तोंड सुकतं, जवळचं दिसत नाही, पोट साफ होत नाही. फार झाली तर माणूस घोटाळतो, नसलेल्या मुंग्या दिसतात. "यांच्या आजारात मुंग्या कधी होत्या?" त्यांनी विचारलं. नव्हत्या. फक्त भोंगा. "मग मुंग्या तुमच्या डबीतून आल्या. भोंगासुद्धा कदाचित त्यानंच वाढला असेल. मोठ्या गोळीच्या कामात ही कधीकधी आडवी येते. आणि मी बिनदिक्कत मोठी वाढवत बसलो, कारण पिसणीचं मला कोणी सांगितलंच नाही." ठाण्याचं काही नको म्हणाले. थोरली पहिल्याइतकी करायची. धाकटी सकाळची एक, मग अर्धी, मग बघू, पण एकदम बंद करायची नाही. आमच्या ह्यांना दाखवायला तसं पत्र लिहून दिलं.

मग डॉक्टर भावजींकडे वळले. आमच्यातल्या कोणी आजवर केलं नव्हतं ते त्यांनी केलं, त्यांनाच विचारलं. "धाकटी कमी केली तर थोडा कंप राहील. तुम्हाला काय हवंय?"

भावजींनी मांडीखालचा हात काढला, टेबलावर ठेवला आणि हलू दिला. "राहू दे कंप," ते म्हणाले. "पत्ते सांडले तर उचलता येतात."

"मग इतके महिने बोलला का नाहीत? या गोळीनं आठवत नाही म्हणून?"

"बोललो होतो. पहिल्याच आठवड्यात."

"कोणाला?"

भावजी माझ्याकडे बघेनात. "वहिनींना. त्या म्हणाल्या, हरलं की सगळे असंच म्हणतात."

आणि मला आठवलं. सुपातून मान वर न करता म्हटलं होतं मी. आजही ते आठवलं की कान तापतात.

"मग आणखी कोणाला सांगितलं नाही," भावजी म्हणाले. "म्हटलं, डोकंच बिघडलेलं, त्याचं मी तरी काय खरं मानू."

डॉक्टरांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. 

स्टँडवर कर्जतच्या गाडीला तासभर अवकाश होता. बाकावर बसलो. मी शेंगा घेतल्या आणि सोलत बसले. शेवटी म्हटलं, "भावजी, सोमवारी कुठं जायचं नाही. ह्यांचं मी बघते. आणि यापुढं तुम्ही काही सांगितलंत तर मी खरं धरीन. भोंग्याचं सोडून."

"मग एक सांगू?"

"सांगा ना."

"हुकूम हातात आला की तुम्ही पदर सारखा करता. गिरणीवाल्यांना हे दोन वर्षांपासून ठाऊक आहे. आपण हरलो त्यातले निम्मे डाव गोळीनं नाही हरलो."

माझा हात तेव्हाही पदरावरच होता. संताप आला, आणि डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं, भर स्टँडवर, हातात शेंगा. "हेही मला आधी सांगितलं होतंत का?"

"हे नाही सांगितलं," भावजी म्हणाले. "सांगितलं असतं, तर तुम्ही मला खरंच ठाण्याला पाठवलं असतंत."